एक काढून बघा

बुधवार, १२ नोव्हेंबर. आजचं काम: क्रेनचे दोन्ही अल्टरनेटर तपासणे. इंजिन बंद करून डाव्याची वायर काढायची, तिला टेप गुंडाळायची, मग गाडी चालू करून सगळे दिवे लावायचे आणि मीटर बघायचा. मग पुन्हा बंद, डावा जोडायचा, उजवा काढायचा आणि तेच सगळं पहिल्यापासून. पाऊण तासाचं काम आहे. ड्रायव्हर रफिक म्हणाला, "ताई, मागच्याच महिन्यात बघितलंय." मी म्हटलं, "उद्यासाठी परत बघायचं."

उद्या सकाळी सात वाजता ही क्रेन कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, डोळ्यांच्या एका दवाखान्यासमोर उभी करायची आहे. तिथे उचलायला काही नाही. मिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते येतील की ऐन वेळी पांघरूण ओढून झोपतील, हे आज संध्याकाळपर्यंत तरी मला माहीत नाही.

आमचा धंदा रस्त्यात बंद पडलेले आणि कलंडलेले ट्रक ओढून आणण्याचा. धंदा नवऱ्याचा. मी त्यात आले बारा वर्षांपूर्वी, तो एका ट्रकखाली वाकलेला असताना त्याचा मणका सरकला आणि चार महिने पाठीवर पडून राहिला तेव्हा. तोवर मी एका पतसंस्थेत टेबल सांभाळत होते. मला डिझेल आणि पेट्रोलचा वासही वेगळा ओळखता येत नव्हता. त्याच महिन्यात नव्या चासीवर क्रेन बांधून तयार झाली आणि मी ती आणायला नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत गेले, कारण वायरिंगचं काम तिथल्या मिस्त्रींकडे होतं.

मिस्त्रींनी गाडी द्यायला नकार दिला.

"काम अर्धं झालंय."

"बॉडीवाले म्हणतात पूर्ण झालं."

"त्यांचं झालं असेल. एकच अल्टरनेटर आहे. दुसरा बसल्याशिवाय मी चावी देत नाही."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. साठीचा, काटकुळा माणूस. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. चष्म्याची डावी काच पांढरी, तिच्यामागे डोळा नाही. माझं पहिलं मत असं झालं की हा माणूस एक तर वेडा आहे किंवा अल्टरनेटरच्या दुकानातून कमिशन खातो.

"कंपनीने एकच दिलाय, तो काय उगीच?" मी विचारलं.

"कंपनीने तो ट्रकला दिलाय. ट्रक पळतो. तुमची क्रेन कुठे पळते ताई? ती जाऊन उभी राहते." त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं आणि मला बसायला लावलं. "घाटात उभी असताना इंजिन कसं चालतं?"

"हळू."

"इंजिन हळू, की अल्टरनेटरही हळू. हळू फिरला की वीज थोडी. बरोबर? आणि नेमकं तेव्हाच तुम्ही काय काय लावता? वरचा भिरभिरा दिवा. मागचे चार मोठे दिवे. दोर ओढणाऱ्या विंचची बटणं, झडपा. वायरलेस. शिवाय समोरच्या ट्रकची बॅटरी मेलेली असते, तिला वायर लावून तुमच्याच गाडीतून पाजायचं. म्हणजे घरात कमाई कमी आणि त्याच दिवशी पाहुणे जास्त. एकट्याने किती कमवायचं? तो तापतो, जळतो. मग बॅटऱ्या उतरतात."

"बॅटऱ्या उतरल्या तर इंजिन बंद पडतं?"

प्रश्न त्यांना आवडला. "नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही. इंजिन चालेल. पण क्रेन आंधळी होईल. ओढता येणार नाही, सोडता येणार नाही, मागून येणाऱ्याला दिसणार नाही. आणि चुकून इंजिन बंद केलंत, तर परत चालू व्हायचं नाही. मग क्रेनला ओढायला दुसरी क्रेन बोलवा."

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. "तुमच्याच घरात बघा ना. एक अल्टरनेटर पाठीवर पडलाय. दुसरा होता म्हणून आज गाडी न्यायला कोणीतरी आलंय."

मला राग आला. पण हिशेब चूक नव्हता. दुसरा बसला, वेगळ्या कमानीवर, वेगळ्या पट्ट्यावर. "दोघांना एकच पट्टा म्हणजे दोन भावांना एकच चप्पल," असं ते म्हणाले.

काम संपल्यावर मिस्त्री कधीही "झालं" म्हणत नसत. ते म्हणत, "एक काढून बघा." गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने एका अल्टरनेटरची वायर काढायची, दुसऱ्यावर गाडी चालवून बघायची, मग उलट. चालू इंजिनवर वायर ओढणाऱ्याला मात्र ते गल्लीतून घालवून देत. त्याने आतले डायोड उडतात. एका चांगल्या कपड्यांतल्या ट्रान्सपोर्टवाल्याला त्यांनी अशा कारणावरून परत पाठवलेलं मी पाहिलंय. तो म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" मिस्त्री म्हणाले, "डायोड उडवणारे आहात."

त्यांचा कान हा स्वतंत्र विषय. मोठे दिवे लावले की अल्टरनेटरवर भार येतो आणि इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो. मला तो पहिली दोन वर्षं ऐकूच येत नव्हता. मिस्त्री गाडीकडे पाठ करून उभे राहत, रफिकला एकेक दिवा लावायला सांगत आणि म्हणत, "तीन लागले. चौथा नाही लागला." चौथा खरंच लागलेला नसे. एकदा रफिकने त्यांना फसवायला लावलेला दिवा परत बंद केला. "पोरखेळ नको, दोनच राहिले," मिस्त्री मागे न वळता म्हणाले.

दोनाचं वेड फक्त गाड्यांपुरतं नव्हतं. चहा अर्धा-अर्धा दोन कपांत मागवायचे. एक सांडला तर? रुमाल दोन, छत्र्या दोन, टेस्ट लॅम्प दोन. दोन्ही घड्याळांत तीन मिनिटांचा फरक असायचा. तो त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. वेळ हवी असली की दोन्ही बघायचे आणि शेजारच्या टायरवाल्याला विचारायचे. देवळाली कॅम्पातून ते रोज बसने येत, आणि परतीची सुटी नाणी दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवत. गल्लीत त्यांना 'डबल मिस्त्री' म्हणत. एकदा टायरवाल्याने विचारलं, "सगळं दोन-दोन, मग बायको एकच कशी?"

"तिला पट्टाच नाही," मिस्त्री म्हणाले. "तुटणार काय?"

हे मी त्यांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला पट्टा असता तर यांना कधीच फिरवून फेकलं असतं."

या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. एकोणीस वर्षांचे असताना नामपूरहून नाशिकला आले, एका गॅरेजात लागले. बॅटरीतलं पाणी बघायला अंधार होता म्हणून काडी पेटवली. बॅटरीतून गॅस निघतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "फट्," ते म्हणाले, एवढंच. आणि मग, "दुसरा होता म्हणून तुमच्याशी बोलतोय. नाहीतर बसलो असतो नामपूरला कांद्याच्या आडतीबाहेर, पोती चाचपत."

आता दसऱ्याची गोष्ट. तिच्यात चूक माझी आहे, म्हणून ती मी थोडक्यात सांगते.

मिस्त्रींचा एक नियम होता: दसऱ्याला गाडीची पूजा करा, नारळ फोडा, हळदकुंकू लावा, पण फूल बॉनेटच्या बाहेर. आत काही नको. मी पाच वर्षं पाळला. सहाव्या वर्षी हौसेने क्रेन चकाचक धुतली, बॉनेट उघडलं, आणि वाटलं, वर्षभर राबतं ते हे इंजिन, आणि हार मात्र बंपरला? एक झेंडूचा हार आत घातला. फोटो काढला. आरती झाली. काढायचा राहिला.

चार वाजता फोन आला. चांदवडच्या घाटात कांद्याचा ट्रक बाजूच्या चारीत कलंडलाय, एक लेन बंद. रफिक आणि मी निघालो. ट्रक नेमका नामपूरचा. ड्रायव्हर दगडावर बसून होता. मला बघून म्हणाला, "बाईमाणूस? क्रेन कोठे शे?" रफिक म्हणाला, "बाईच्या मागे उभी आहे ती."

दोर बांधला, विंच चालू केलं. ट्रक अर्धा वर आला. तेवढ्यात बॉनेटमधून जळका वास आला, काहीतरी फटाफट आपटल्याचा आवाज झाला आणि केबिनमधली डाव्या अल्टरनेटरची लाल खूण पेटली. ऊन उतरायला लागलं होतं. भरलेला ट्रक आमच्या दोरावर उतारात लटकलेला, त्याच्या खालच्या बाजूला त्याचा ड्रायव्हर आणि दोन हमाल दगड लावत उभे. त्या क्षणी विंच मेलं असतं तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

विंच मेलं नाही. आवाज जरा जड झाला, दिवे तेवढेच राहिले. रफिकने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ओढ." ट्रक वर आला. नामपूरच्या ड्रायव्हरने मला एक गोणी कांदे देऊ केले. मी घेतले. अशा वेळी नको म्हणत बसू नये.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आमच्या क्रेनच्या शेडवर आले. बॉनेट उघडलं. चिमट्याने डाव्या अल्टरनेटरच्या पुलीतून त्यांनी झेंडूची पाकळी न् पाकळी काढली आणि शेवटी हाराचा दोरा, काळा, तेलकट, हातभर लांब. हाराचा दोरा पुलीत गुंडाळला जाऊन पट्टा उडाला आणि तुटला होता. माझा चेहरा बघून ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं सुटले. आठवड्याने दुकानात गेले तर दारात खिळ्याला तो दोरा टांगलेला आणि खाली पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं: 'ताईंचा दसरा'. तो तिथे दुकान बंद होईपर्यंत होता.

पण त्या दिवशी शेडवर मी एक सैलपणा केला. म्हटलं, "चला, दुसऱ्यावर निभावलं. पट्टा आला की बसवू, आठ-दहा दिवसांत. तोवर चालेल."

मिस्त्री भडकले. भडकले की ते तुम्हीवरून तूवर आणि नाशिकहून थेट बागलाणात, नामपूरकडच्या आपल्या बोलीत, जात. "चालेल? तुले काय समजस? दुसऱ्यावर घरी यायचं असतं. दुसऱ्यावर संसार करायचा नसतो! घरी आलीस ना? आता पहिल्याचं काम कर. आज. आत्ता." आणि स्वतःच्या पिशवीतून पट्टा काढला. दोन होते, अर्थातच.

दुकान त्यांनी मागच्या वर्षी बंद केलं. कारण 'गुडघे' असं सांगितलं. गुडघे नव्हते. मला ते कळलं गेल्या महिन्यात, ते नेहमीसारखे सहज शेडवर आले तेव्हा. मी आतून बघत होते. उघड्या बॅटरीजवळ गेले, सवयीने पाना उचलला, बोल्ट घट्ट करायला हात पुढे केला, आणि पाना दोन टोकांवर आडवा पडला. मोठी ठिणगी उडाली. पाना दूर जाऊन पडला. पन्नास वर्षांत ज्या हाताने कधी ही चूक केली नाही, त्या हाताने ती केली, कारण लाल वायर कुठली आणि काळी कुठली हे त्या डोळ्याला दिसलंच नव्हतं.

मिस्त्री खोक्यावर बसले. मी दोन अर्धे चहा दिले. त्यांनी कपासाठी हात पुढे केला तो कपाच्या चार बोटं डावीकडे.

संध्याकाळी काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. पिकलाय पार. डॉक्टर म्हणतात करून टाका. हे ऐकत नाहीत. तीन वेळा जाऊन परत आलेत." मी म्हटलं, "का?" त्या म्हणाल्या, "तूच विचार."

चौथी तारीख उद्याची मिळाली, म्हणून काल संध्याकाळी देवळाली कॅम्पात जाऊन विचारलं.

"डॉक्टरला विचारलं जनरेटर किती," मिस्त्री म्हणाले. "म्हणाला एक. शिवाय इन्व्हर्टर. मी विचारलं, इन्व्हर्टरची बॅटरी किती वर्षांची? तर त्याला माहीत नाही. ज्याला स्वतःच्या बॅटरीचं वय माहीत नाही, त्याच्या हातात डोळा देऊ?"

"दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

"तिथेही एकच असेल."

"मिस्त्री, ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं."

"फट् व्हायला किती लागतं?"

काकू आत गेल्या. मग ते खाली बघत म्हणाले, आणि या वेळी बागलाणात गेले ते रागाने नाही, "मना एकच डोया शे, ताई. दुसरा कोठे शे?"

काही होणार नाही असं मला म्हणता आलं असतं. मी डॉक्टर नाही, आणि हा माणूस असल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. त्यालाच तर एकदा कोणीतरी काही होणार नाही म्हणून बॅटरीकडे पाठवलं असणार. म्हणून मला माहीत होतं तेवढंच मी सांगितलं. केलं तर थोडा धोका आहे, डॉक्टर तसं म्हणाले. नाही केलं तर उरलेलंही जाणार, हे नक्की. आणि वर म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत ना, दुसऱ्यावर घरी यायचं असतं, संसार करायचा नसतो? पन्नास वर्षं दुसऱ्यावर संसार केलात. आता गॅरेजला न्यायची वेळ आली तर तुम्ही पट्टा लपवून बसलात."

"ते मी गाड्यांचं बोललो होतो."

"मग गाडी समजा."

ते हसले नाहीत. बराच वेळ दोन्ही घड्याळं आळीपाळीने चोळत बसले. त्यांत वाजलेलं त्यांना दिसत नव्हतंच.

"लाइट गेली तर?" शेवटी म्हणाले.

मला काय सुचलं कोण जाणे. "क्रेन आणून उभी करते दारात."

"तुमची चोवीस व्होल्टची. तिच्यावर दवाखाना चालतो?"

"नाही चालत."

"एक दिवा तरी लागेल का त्यांचा?"

"नाही."

मला वाटलं, आता बिनडोक म्हणतील. माझ्या बोलण्यात तथ्य नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि तथ्य नसलेलं काम या माणसाने आयुष्यात केलं नव्हतं.

"तरी आणा," मिस्त्री म्हणाले. "आणि एक काढून बघा आधी."

म्हणून आजची ही तपासणी. डाव्यावर सत्तावीस पॉइंट आठ. उजव्यावर सत्तावीस पॉइंट आठ. पट्टे घट्ट. बॉनेटमध्ये फूल नाही.

गुरुवार. सहाला क्रेन काढली. रफिकला सुट्टी दिली आणि मीच चालवली. कॅम्पातून मिस्त्री आणि काकूंना केबिनमध्ये घेतलं. काकूंना चढवायला स्टूल लागलं. मिस्त्री चढण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

"बघितला काढून?"

"दोन्ही."

"मीटर?"

आकडा सांगितला. ते चढले.

गल्लीत वळलो तसा गोंधळ उडाला. क्रेन दिसताच आजूबाजूच्या घरांतून माणसं टॉवेलवर धावत आली आणि आपापल्या आडव्यातिडव्या लावलेल्या स्कूटर काढून घेऊन गेली. दवाखान्याचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, कोणती गाडी उचलायचीय?"

"कोणतीच नाही. आमचा माणूस आत जातोय."

दारात मिस्त्रींनी दोन्ही घड्याळं काढून माझ्या हातात दिली. एकात सात वाजून चार मिनिटं, दुसऱ्यात सात वाजून सात. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि दोघं आत गेले. ऑपरेशनची खोली रस्त्याच्या बाजूला, खिडकीच्या जाड पडद्यामागे होती. ते मी काकूंकडून आधीच विचारून घेतलं होतं.

मी केबिनमध्ये बसले. इंजिन चालूच होतं. थोड्या वेळाने वॉचमन आला. "मॅडम, बंद तरी करा. उगाच डिझेल जळतंय."

"जळू द्या."

काकूंनी पायरीवरून हात हलवला. म्हणजे मिस्त्रींना आत घेतलं होतं, डोळ्यावर कापड आलं होतं, आता त्यांना फक्त ऐकू येणार होतं. मी मागचा पहिला मोठा दिवा लावला. मग दुसरा, तिसरा. लख्ख उजाडलेलं होतं, वॉचमन तोंड उघडून बघत होता. चौथाही लावला. इंजिनचा आवाज खाली बसला, आणि तसाच राहिला.